जोगेश्वरीच्या टेकडीवरची अमानत

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा सह्यांचा कागद घेऊन दारात आला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'इस्माईल युसूफ कॉलेजची जमीन मुसलमानांची आहे, ती मुसलमानांना परत द्या.' खाली वीस-पंचवीस सह्या झाल्या होत्या. मी पेन हातात घेतलं आणि थांबलो.

"चाचा, तुम्ही तर इतिहास वाचता. तुम्हाला कसली शंका?"

शंका इतिहासाबद्दल नव्हती, 'परत' या शब्दाबद्दल होती. एखादी वस्तू परत मागायची तर ती कुणी, कुणाच्या हातात आणि कशी दिली होती, हे आधी पाहावं लागतं. त्याला चहा पाजला, संध्याकाळी ये म्हटलं. संध्याकाळी तो आलाच नाही. त्याला सांगायचं होतं ते इथे लिहितो आहे.

जोगेश्वरी पूर्वेला हायवेलगत कॉलेजची टेकडी आहे. सुमारे ५४ एकरांचा परिसर. आजूबाजूला इमारतींची आणि चाळींची इतकी दाटी झाली आहे की, मोकळी टेकडी दिसली की नव्या माणसाला ती चुकून राहिली असं वाटतं. ती चुकून राहिलेली नाही. १९१४ साली जहाज व्यवसायातले धनिक सर मोहम्मद युसूफ यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. वडिलांचं नाव लागावं ही इच्छा. आठ लाख म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारतींकडे बघा. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि राजाबाई टॉवरसाठी आणखी दोन लाख दिले. त्या टॉवरचं नाव आजही सगळ्या मुंबईला पाठ आहे. पन्नास वर्षांचं अंतर आहे आणि रुपयाची किंमतही बदलली होती, हे मान्य. तरी आकडा त्याच्या दुप्पट.

हे पैसे त्यांनी वक्फ केले नाहीत, अंजुमनला दिले नाहीत, स्वतःची संस्थाही काढली नाही. ते त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. कॉलेज उघडलं १९३० साली, दानानंतर सोळा वर्षांनी, आणि उघडलं ते सरकारी कॉलेज म्हणूनच.

तेव्हा माटुंग्याचं रुईया नव्हतं, खालसा नव्हतं. ती दोन्ही १९३७ ची. अंधेरीचं भवन्स १९४६ चं. उपनगरांच्या त्या शेताडीत हे एक कॉलेज उभं राहिलं आणि माणसंही तशीच आली. केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले सिंधचे उमर बिन मुहम्मद दाऊदपोता इथे अरबीचे प्राध्यापक होते. (सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, हे आता कुणाला आठवत नाही.) उर्दूचे नजीब अशरफ नदवी इथेच शिकवत, पुढे अंजुमनच्या उर्दू संशोधन संस्थेचे संचालक झाले. माझे एक चुलते साठच्या दशकात कोकणातून बोटीने मुंबईला आले ते या कॉलेजात शिकायला. घरची परिस्थिती यथातथा. ते म्हणायचे, "फी सरकारी होती म्हणून बी.ए. झालो, नाहीतर भाऊच्या धक्क्यावर हमाली केली असती." हे वाक्य मी मुद्दाम आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे सरकारबद्दल जे म्हणणार आहे ते याला विसरून म्हणायचं नाही.

मग सर मोहम्मद युसूफ यांनी पैसे सरकारलाच का दिले? माझ्या मते त्या काळाकडे पाहिलं तर यात नवल काही नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ कायद्याने स्थापन झालं तेव्हा इलाख्याचा गव्हर्नर हाच पदसिद्ध चॅन्सेलर होता. पहिले सगळे फेलो सरकारनेच नेमले. विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं. ते परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. शिकवायचं कॉलेजांनी, आणि कॉलेजला संलग्नता हवी तर वाट सरकारदरबारातून जायची. १९०४ साली कर्झनने कायदा आणखी आवळला. फेलो जास्तीत जास्त शंभर, त्यातले बहुसंख्य चॅन्सेलरने नेमलेले. गोखल्यांनी कौन्सिलात कडाडून विरोध केला, पण कायदा झालाच. अशा व्यवस्थेत ज्याला कॉलेज टिकवायचं आहे त्याला सरकारपेक्षा भक्कम विश्वस्त कोण दिसणार? सरकार दिवाळं काढत नाही, भाऊबंदकीत वाटण्या करत नाही, प्राध्यापकांचा पगार महिन्याला देतं.

मुंबईत याला जुना पायंडाही होता. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून गेले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावे शिक्षणासाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. पैसा लोकांचा, कॉलेज सरकारी. २०१९ साली राज्य सरकारने एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा सरकारी संस्था मुंबई विद्यापीठातून काढून नव्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात घातल्या. तो निर्णय चांगला की वाईट यात मी शिरत नाही. मालक सरकार असल्यावर ज्यांच्या पूर्वजांनी वर्गणी दिली त्यांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही, एवढंच सांगायचं आहे.

दुसरी वाट होती. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोघे, गुलाम मोहम्मद मुन्शी यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली. तिने सरकारची मदत घेतली, पण संस्थेची चावी आपल्याकडे ठेवली. आज घटनेचं कलम ३० तिच्या पाठीशी उभं आहे, कारण संस्था कुणी स्थापन केली आणि कोण चालवतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. खुद्द सर मोहम्मद युसूफ यांचं दुसरं काम बघा. न्हाव्याला खलाशी घडवणारी जी प्रशिक्षण संस्था त्यांच्यामुळे उभी राहिली, ती आजही त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाची आहे. एकाच माणसाची दोन दानं. न्हाव्याच्या कारभाराबद्दल कुणाची काही तक्रार असेल तर ती प्रतिष्ठानाकडे नेता येते. जोगेश्वरीची तक्रार मंत्रालयात न्यावी लागते, आणि तिथे तुम्ही दात्याचे वारस नसता, नुसते अर्जदार असता.

मदत घेऊन चावी आपल्याकडे ठेवणं सोपं असतं, असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था काही सरकारने काढली नव्हती. तरी १९४८ साली भाऊरावांचं एक भाषण सत्ताधाऱ्यांना झोंबलं आणि मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. लोकांनी संस्था जगवली, पुढे अनुदान परत सुरू झालं. पण ज्या हाताने ताटात वाढलं जातं तो हात आखडताही घेता येतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने तेव्हा पाहिलं. आणि तेव्हा राज्य गोऱ्यांचं नव्हतं.

त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं होतं. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करतं तो रयतेच्या करातून, आणि त्याचा लाभ वरच्या जातींना होतो, खेड्यातल्या शूद्रातिशूद्राला प्राथमिक शाळाही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे मुसलमानांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना हे निवेदन सहसा बाजूला राहतं. खरं तर ते आपलंच आहे. सरकारी पैसा म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, तो कर भरणाऱ्याचा पैसा आहे, हे फुल्यांनी अगदी सरळ मांडलं. ते मान्य केलं तर आठ लाखांवर सरकारने पुढची नव्वद-पंचाण्णव वर्षं जे पगार, पेन्शन, दुरुस्ती केली तोही लोकांचाच पैसा ठरतो. त्यात टेकडीखालच्या चाळीत राहणारे शिंदे, गुप्ता, डिसोझाही आले. तेव्हा 'जमीन मुसलमानांना परत द्या' म्हणताना या सगळ्यांचं काय करायचं?

हाच प्रश्न मोठ्या आकारात अलीगढला उभा राहिला. १९११ च्या सुमारास आगाखान आणि इतरांनी गावोगाव फिरून विद्यापीठासाठी लाखो रुपये जमवले. सरकार म्हणालं, विद्यापीठ देतो, पण देशभरातली कॉलेजं त्याला जोडता येणार नाहीत आणि कारभारावर आमची देखरेख राहील. घासाघीस करत १९२० साल उजाडलं तेव्हा कायदा झाला. १९६७ साली अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ कायद्याने जन्माला आलं, ते मुसलमानांनी 'स्थापन' केलेलं नाही. पैसा जमवणारे, पायपीट करणारे सगळे एका वाक्यात बाजूला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने तो निवाडा रद्द केला. केवळ कायद्याने स्थापना झाली म्हणून संस्थेचं अल्पसंख्य स्वरूप जात नाही, तिच्यामागे कल्पना कुणाची, पैसा कुणाचा, हेतू काय होता ते बघा, असं सांगितलं. अलीगढचा अंतिम निर्णय मात्र वेगळ्या पीठावर सोपवला.

हा निकाल वाचून आमच्याकडे काही जण हरखले की आता जोगेश्वरीचंही जमलं. मला तसं वाटत नाही. अलीगढला जमवलेल्या पैशातून आधी कॉलेज होतं, ते चालवणारी माणसं होती, मग कायदा आला. इथे कॉलेज पहिल्या दिवसापासून सरकारने चालवलं. मात्र घटनेत एक तरतूद आहे, तिची चर्चा मी कधी ऐकली नाही. कलम २८ म्हणतं की, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. पण त्याचाच दुसरा खंड एक अपवाद करतो : संस्था सरकार चालवत असेल, पण ती एखाद्या दाननिधीतून किंवा न्यासातून स्थापन झाली असेल आणि त्या न्यासाची तशी अट असेल, तर तो नियम तिला लागू नाही. जोगेश्वरीत धार्मिक शिक्षण सुरू करा असं मला बिलकुल म्हणायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. सरकार चालवत असलं म्हणून दात्याची अट आपोआप मरत नाही, हे घटनाकारांच्या मनात होतं.

आणि अट मरू देणं सोपं असतं. सरकारी कॉलेजात प्राध्यापक लोकसेवा आयोगातून येतो आणि बदलीच्या आदेशाने जातो. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची. जागा रिकाम्या राहिल्या की तासिका तत्त्वावर माणसं. या साखळीत दुष्टपणा कुणाचाच नसतो, फक्त १९१४ चा कागद लक्षात ठेवणं हे कुणाचंच काम नसतं. म्हणून टेकडीच्या कडेने अतिक्रमण होतं, मधूनच कुठली तरी दुसरी संस्था इथे आणायची बातमी येते, आणि मग आम्ही जागे होतो, सह्यांचा कागद फिरवतो आणि परत झोपतो.

बरं, हे केवळ एका कॉलेजाचं दुखणं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर करून घेतली. कुलगुरूंची नावं सरकारमार्फत राज्यपालांकडे जातील, आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होतील. विरोधकांनी रान उठवलं. सरकार बदललं आणि ती दुरुस्ती मागे घेतली गेली. मग विद्यापीठं मोकळी झाली म्हणावं, तर मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधरांची निवडणूक २०२३ मध्ये लांबली ती सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. गव्हर्नर, राज्यपाल, मंत्री, नावं बदलत जातात. अधिसभेत पदवीधरांच्या जागा दहा. त्या दहा जागांसाठी आमच्या मोहल्ल्यातल्या किती पदवीधरांनी नाव नोंदवलं होतं? मी स्वतः नोंदवलं नव्हतं. १९१४ चा हक्क मागायला निघालेला मी २०२४ चा हक्क घ्यायला कंटाळलो, हे कबूल करतो.

आमच्या चुलत्यांची नात यंदा एफ.वाय.ला आहे, त्याच टेकडीवर. तिला सह्यांच्या कागदाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आब्बा, कॉलेज कुणाचं ते नंतर ठरवा, फी वाढवणार नाही ना एवढं आधी विचारा." त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. आपल्या समाजाच्या ट्रस्टांनी काढलेल्या विनाअनुदानित कोर्सच्या फिया मी भरल्या आहेत. त्यामुळे चावी आपल्याकडे आली की दार गरिबाला उघडतंच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

रविवारी तो पोरगा मशिदीबाहेर भेटला. मी त्याच्याकडून कागद घेतला आणि वरचं वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं : दानपत्र आणि त्यातल्या अटी जाहीर करा, पूर्ण जमिनीची मोजणी करून नकाशा कॉलेजच्या दारावर लावा, आणि या जमिनीबद्दल काहीही ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घ्या. पोरगा थोडा हिरमुसला. म्हणाला, "चाचा, यात घोषणा काय देणार?" मी सही केली. सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दानपत्राच्या प्रमाणित प्रतीसाठी टाकून आलो. पोचपावती खिशात आहे.