सांगकाम्यांच्या हजेरीपटाची कुळकथा

विकिपीडियावर माणसाच्या वतीने आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामला मराठी विकिपीडियाने ‘सांगकाम्या’ हे नाव दिले. ‘अलीकडील बदल’ या पानावर छोट्या बदलापुढे ‘छो’, नव्या पानापुढे ‘न’ आणि सांगकाम्याच्या बदलापुढे ‘सां’ उमटते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. ‘सां’मागची व्यवस्था मात्र त्याच्याही आधीची, इंग्रजी विकिपीडियावरची आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये तिथे ‘रॅमबॉट’ नावाच्या प्रोग्रामने अमेरिकेच्या जनगणनेतील आकडे घेऊन गावे व शहरे यांवर ३०,००० हून अधिक लेख काही दिवसांत तयार केले. लेख बरे की वाईट, हा वाद पुढे बराच चालला. तातडीची अडचण वेगळीच होती. ‘अलीकडील बदल’ उघडले की गावांमागून गावे दिसत आणि माणसांनी केलेले बदल त्यांत बुडून जात. उपाय म्हणून अशा खात्यांना एक खूण देण्यात आली. खूण असलेल्या खात्याचे बदल यादीत एरवी दिसत नाहीत, मुद्दाम मागितले तरच दिसतात. म्हणजे यंत्राच्या कामाची पहिली नोंद जन्माला आली ती ते काम नजरेआड करण्यासाठी. सांगकाम्यांवर नजर ठेवण्याची साधने त्यानंतर, एकेका चुकीतून तयार होत गेली.

मराठी विकिपीडियाच्या पहिल्या दशकात सांगकाम्यांचा मोठा राबता होता तो आंतरभाषिक दुव्यांसाठी. त्याचे गणित एका उदाहरणाने कळते. सुरतेला लागून असलेल्या, खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या उधन्यावर मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत लेख आहेत असे समजू. त्या काळी प्रत्येक लेखाच्या तळाशी उरलेल्या तिन्ही लेखांचे दुवे लिहावे लागत. एकूण १२ ओळी. बंगालीत पाचवा लेख झाला की आणखी ८ ओळी. हे हाताने करणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. २००३ पासून विकसित झालेला ‘पायविकिपीडियाबॉट’ हा पायथन भाषेतील प्रोग्रामसंच वापरून जगभरचे सदस्य हे काम करत. मराठी लेखांच्या जुन्या इतिहासात ‘सांगकाम्याने वाढविले’ अशा संपादन-सारांशांच्या रांगाच्या रांगा आजही दिसतात. ते प्रोग्राम चालवणाऱ्यांपैकी अनेकांना मराठीचे अक्षरही वाचता येत नव्हते.

इथेच घोळ होई. उधना हे उपनगर आहे, तसेच जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग मुंबई–अहमदाबाद मार्गापासून जिथे फुटतो, ते जंक्शनही आहे. एखाद्या भाषेत उपनगराच्या लेखाला चुकून स्थानकाचा दुवा दिला गेला, तर सांगकाम्या ती चूक इमानेइतबारे सर्व भाषांत पोहोचवी. एकाने काढलेला दुवा दुसऱ्याचा सांगकाम्या परत आणी. हे काम कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या भाषेतून सुरू केले याचा माग सारांशावरूनच काढावा लागे. म्हणून नेमका सारांश लिहिणे हा सांगकाम्यांसाठी शिष्टाचार न राहता नियम झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व भाषांचा सामायिक माहितीसाठा असलेला विकिडेटा सुरू झाला आणि ६ मार्च २०१३ रोजी मराठीसह उरलेल्या सर्व विकिपीडियांना त्याचे दुवे मिळू लागले. दुवे एकाच ठिकाणी ठेवले जाऊ लागल्यावर सांगकाम्यांची ही अख्खी जात काही महिन्यांत बेकार झाली.

खात्याला खूण मिळाली की त्या खात्याने काहीही करावे, ही ढिलाई फार काळ टिकली नाही. इंग्रजी विकिपीडियावर परवानगी खात्याला न देता कामाला देण्याची पद्धत रुळली. एकाच सांगकाम्याच्या पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या कामाचे स्वतंत्र अर्ज असतात. आधी ५० वगैरे संपादनांची चाचणी होते, ती तपासून मगच काम मोकळे होते. मराठीसारख्या लहान प्रकल्पांत एवढा फौजफाटा नसतो. तिथे विनंती समाजापुढे मांडली जाते आणि स्वीकृती अधिकारी खूण देतात. खूण कोणी, कधी, कोणाला दिली हे सदस्य-अधिकारांच्या नोंदीत कायम राहते.

यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारी कळ असते. सांगकाम्याला अशी कळ जन्मतः नसते. ती बसवावी लागते. काही सांगकामे आपल्या चर्चापानावर नवा संदेश आला की थांबतात. ‘अ‍ॅनोमीबॉट’ या इंग्रजी सांगकाम्याच्या प्रत्येक कामासाठी तर वेगळे थांबा-पान आहे: एक काम बिघडले म्हणून बाकीची बंद पाडावी लागत नाहीत. उलट बाजूने, खात्यातून नकळत बाहेर पडलेला प्रोग्राम अनामिक संपादने करत सुटू नये म्हणून ‘सांगकाम्या म्हणून प्रवेश असेल तरच बदल जतन कर’ अशी अट प्रत्येक विनंतीसोबत पाठवता येते. चालेनासे झालेले सांगकामे शोधणेही तितकेच गरजेचे, आणि शेवटच्या संपादनाची तारीख दाखवणाऱ्या याद्या बहुधा दुसरा एखादा सांगकाम्याच अद्ययावत करत असतो.

या सगळ्या व्यवस्थेत एक उणीव आहे आणि ती किरकोळ नाही. ‘सां’ ही खूण फक्त अलीकडच्या बदलांच्या तक्त्यात साठवली जाते आणि तो तक्ता ठरावीक मुदतीनंतर रिकामा होत जातो. पानाच्या कायमच्या इतिहासात खूण नसते. राहतात फक्त खात्याचे नाव, वेळ आणि सारांश. सांगकाम्याचे नाव ओळखू येईल असे ठेवावे, त्याच्या सदस्यपानावर चालकाचे नाव आणि कामांची यादी असावी, या नियमांचे खरे मोल इथे कळते.

गर्दीच्या विकिपीडियावर सांगकाम्यांचे बदल लपवणे सोयीचे आहे. जिथे पाहणारे डोळेच मोजके आहेत, त्या मराठी विकिपीडियावर ते अधूनमधून उघडून पाहिलेलेच बरे. ‘अलीकडील बदल’ पानावरच्या गाळणीत त्यासाठी पर्याय आहे, आणि चूक सापडली तर सांगकाम्याच्या चर्चापानावर किंवा चावडी या सामायिक चर्चेच्या पानावर ती मराठीतच लिहिता येते.