दोन एकर, एक घर आणि मृत्युपत्र

"आपल्याकडे इस्टेटच कुठंय, मृत्युपत्र कशाला?" नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये हे सर्रास ऐकू येते. पण हा प्रश्न आपला इतिहास विसरून विचारला जातो.

आपल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्यांच्या नावे जमीन नव्हती. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लोक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे हा प्रश्न राज्यासमोर आला. ऑगस्ट 1978 मध्ये नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यात आपली घरे जाळली, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे शहीद झाले. घर जळते तेव्हा पेटीतला कागदही जळतो. म्हणून आज नावावर असलेला एक प्लॉट, दोन एकर, भविष्य निर्वाह निधीचे चार पैसे, ही साधी कमाई नाही.

बाबासाहेबांनी मुलीच्या वारसाहक्कासाठी हिंदू कोड बिल मांडले. ते रेंगाळवले गेले आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1956 चा वारसा कायदा आला, तो बौद्धांनाही लागू आहे. मुलीला, पत्नीला, आईला वाटा मिळाला. तरीही गावोगाव बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतलीच जाते.

आणि कायद्यातही एक फट आहे. कलम 15 नुसार विधवा, निपुत्रिक बाईची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नाही. सासरने हाकललेल्या एका विधवेच्या प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. आपल्या नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका भगिनींनी हे लक्षात घ्यावे. मृत्युपत्र केले असते तर हा प्रश्नच उरला नसता.

श्रीमंताला वर्षानुवर्षे कोर्ट परवडते. आपल्या दोन गुंठ्यांची किंमत मात्र वकिलाच्या फीतच संपते. म्हणून थोडे असणाऱ्यालाच मृत्युपत्राची गरज जास्त.

साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. तुमची आणि दोन साक्षीदारांची सही हवी. साक्षीदार लाभार्थी नसलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जरूर करा, म्हणजे दप्तरात नोंद राहते, पेटी जळली तरी. सरकारने दिलेल्या किंवा नियमित केलेल्या जमिनीवर अटी असतात, त्या आधी तहसीलमध्ये तपासा.

हक्क मिळवायला पिढ्या गेल्या. तो कोणाकडे जावा, हे रूढीने नव्हे, आपणच लिहून ठेवायचे.

जय भीम!