बाटलीवरचे नाव आणि भट्टीवरचा हात



व्याख्यानासाठी व्हिस्कीचा इतिहास निवडला, म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. मला मद्याची थोरवी सांगावयाची नाही. इतिहासात नाव कोणाचे उरते आणि श्रम कोणाचे बुडतात, एवढेच पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात लिंचबर्ग नावाचे लहानसे गाव आहे. ‘जॅक डॅनियल्स’ ही जगप्रसिद्ध व्हिस्की तेथली. तिची रीत अशी: मुख्यतः मका आंबवून गाळलेली ताजी दारू शुगर मेपलच्या कोळशाच्या जाड थरातून थेंबाथेंबाने झिरपवावयाची आणि मग आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपांत मुरत ठेवावयाची. दारू गाळण्याची विद्या जॅकने पोरवयात डॅन कॉल नामक धर्मोपदेशकाच्या भट्टीवर मिळवली. कॉलनेच ती शिकवली, अशी कथा दीर्घकाळ चालत आली.

परंतु त्या भट्टीवरचा खरा उस्ताद निअरेस्ट ग्रीन नावाचा काळा गुलाम होता. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे जॅकने स्वतःची भट्टी काढली, तेव्हा पहिला मुख्य कारागीर म्हणून त्याने ग्रीनलाच घेतले. ग्रीनचे मुलगेही तेथे कामास राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका छायाचित्रात जॅकच्या शेजारी एक काळा माणूस बसलेला दिसतो. तो ग्रीनचा मुलगा जॉर्ज असावा, असे मानतात. 1911 मध्ये जॅक वारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जॅकने गुरूला लपविले नव्हते. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रातही ग्रीनचे नाव आहे. ग्रीनच्या वंशजांना तर ते ठाऊकच होते. मग विसर पडला कसा? त्यासाठी कोणी कट करावा लागत नाही. बाटलीवर पिढ्यान् पिढ्या एकच नाव छापले गेले, की दुसरे आपोआप पुसट होते.

2016 मध्ये वृत्तपत्रांतून ही हकीकत गाजली आणि कंपनीने ग्रीनचा वाटा उघडपणे मान्य केला. 2017 मध्ये फॉन वीव्हर या काळ्या उद्योजिकेने त्याच्या नावाची स्वतंत्र व्हिस्की बाजारात आणली. गुलामगिरी संपून तोवर दीडशे वर्षे उलटली होती.

म्हणून कोणत्याही नामांकित वस्तूचा इतिहास वाचताना मालक कोण, एवढे विचारून थांबू नये. भट्टीपाशी कोण उभे होते, हेही विचारावे.