फ्रेमिंगहॅम हृदय अभ्यास

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून सुरू असलेली हृदयविकाराची पाहणी. एकाच गावातील माणसांचा रक्तदाब पिढ्यान्‌पिढ्या मोजत राहिल्यामुळे ती प्रसिद्ध आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक डॉक्टर वयाबरोबर वाढणारा रक्तदाब स्वाभाविक, किंबहुना गरजेचा मानत. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे जायचे तर दाब हवाच, असा त्यांचा तर्क होता. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते वारले, त्या दिवशी तो ३००/१९० नोंदला गेला. राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत ही स्थिती, मग सामान्यांचे काय! १९४८ मध्ये राष्ट्रीय हृदय कायदा झाला आणि त्याच वर्षी हे काम सुरू झाले.

गावातील ३० ते ६२ वयाचे ५,२०९ स्त्रीपुरुष निवडण्यात आले. दर दोन वर्षांनी त्यांना बोलावून, बसवून, पाऱ्याच्या यंत्राने रक्तदाब घेतला जाई. आजारी पडल्यावर माणूस तपासण्याऐवजी निरोगी माणसे आधी तपासून पुढे कोण आजारी पडते हे पाहायचे, अशी ही उलटी रीत होती. तिला चिकाटी लागते आणि निष्कर्षांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. थॉमस डॉबर आणि विल्यम कॅनेल यांनी ती चिकाटी दाखवली. हृदयविकाराचे ‘जोखीम घटक’ ही संज्ञा कॅनेल व सहकाऱ्यांच्या १९६१ च्या लेखामुळे रूढ झाली.

धोक्याचा तो खालचा आकडा, वरचा वाढला तरी चालतो, हा समजही या नोंदींनी मोडला. उतारवयात मोठ्या धमन्या ताठर होतात. मग वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरूही लागतो. दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होते आणि कालांतराने हृदय थकते. १९९६ च्या विश्लेषणात हार्ट फेल्युअर झालेल्यांपैकी ९१ टक्के लोकांना आधीपासून अतिरक्तदाब होता. पंचावन्नाव्या किंवा पासष्टाव्या वर्षी रक्तदाब ठीक असलेल्यांनाही उरलेल्या आयुष्यात अतिरक्तदाब जडण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते, असे २००२ मध्ये दिसले. म्हणजे चाळिशीत एकदा ‘बीपी नॉर्मल’ आले की सुटलो, असे नाही.

१९७१ पासून मूळ सहभागींची मुले व त्यांचे जोडीदार आणि २००२ पासून नातवंडेही पाहणीत आली. मूळ गट जवळजवळ पूर्णपणे युरोपीय वंशाचा होता, ही मोठी उणीव. इतर वंशांचे लोक १९९४ पासून घेतले गेले. फ्रेमिंगहॅमच्या आकड्यांवरून बेतलेले जोखमीचे गणित म्हणूनच भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाही.