बोअर केलेल्या इंजिनाचं रनिंग-इन

रविवारी सकाळी सहा वाजता निगडीच्या दुर्गा टेकडीवर गेलात तर विशीतली मुलं दिसतात, पण खरी गर्दी असते चाळिशी-पन्नाशीची. कुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेलं असतं, कुणाच्या कंपनीतल्या तपासणीत रक्तदाब निघालेला असतो, कुणाच्या बरोबरीचा मित्र अचानक गेलेला असतो. पायात नवे बूट, मनगटावर नवं घड्याळ. यातले काही जण दोन महिन्यांनी दिसेनासे होतात, आणि दर वेळी कारण आळस नसतो. टाच धरते, गुडघा सुजतो, कमरेत उसण भरते. मग "आता आपलं वय राहिलं नाही" या वाक्यावर प्रकरण मिटतं.

हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. चाळिशीनंतर व्यायामाकडे परतणारा माणूस ही गेल्या सव्वाशे वर्षांतली गोष्ट आहे. त्या इतिहासात राजा आहे, बुटांच्या कारखान्यातला कामगार आहे, अणुबॉम्बही आहे. तो वाचला की लक्षात येतं, दुखापत वयामुळे कमी होते आणि घाईमुळे जास्त.

आधी आपल्या पट्ट्याबद्दल. सत्तर वर्षांपूर्वी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही शेती करणारी गावं होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पाठोपाठ कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती. ज्याला कुस्ती करायची तो तालमीत जायचा. भोसरीची कुस्ती-कबड्डीची ओळख आजही टिकून आहे.

तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्ती धरायला लावत नाही. आधी हौद्यातली माती उकरायची, मग मोजके जोर, मोजक्या बैठका. आकडा वस्ताद वाढवणार, पोरगा नाही. हे शिस्तीसाठी आहे असं वाटतं, पण त्यात शरीराचं एक गणित दडलेलं आहे. ते पुढे येईलच.

मग आजोबांच्या शेतातून वडील कारखान्याच्या लाइनवर आले. तिथे आठ तास उभं राहणं होतं, उचलणं होतं, सायकलवरून कामावर जाणं होतं. तिसरी पिढी चाकणला जाते. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. आता कंपनीची बस, तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी, स्क्रीनसमोरची खुर्ची किंवा एकाच जागी एकच हालचाल. आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाने विशीत कबड्डी खेळलेली असते. त्याच्या डोक्यात अजून तेच शरीर आहे, प्रत्यक्षात मात्र ते वीस वर्षं बसून राहिलेलं आहे.

कारखाना आणि व्यायाम यांची जुनी गाठ पाहायची तर औंधला जावं लागतं. हे आपल्या शेजारचं, पुण्यातलं औंध नव्हे, तर सातारा जिल्ह्यातलं यमाईचं औंध. तिथल्या संस्थानाचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. तिशीच्या आसपास त्यांनी युजेन सँडो या त्या काळच्या जगप्रसिद्ध बलवानाची पद्धत उचलली आणि जवळजवळ दहा वर्षं केली. १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीत, ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढे गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं आणि स्वतः आयुष्यभर रोज घालत राहिले. १९५१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

भवानरावांची गोष्ट सांगताना भर नेहमी त्यांच्या मोठ्या आकड्यांवर असतो. मध्यमवयीन माणसाने पाहायची गोष्ट वेगळी आहे. सूर्यनमस्काराचं एकक आहे एक. आज पाच घातले तर पुढच्या आठवड्यात सहा घालता येतात. वजन आपल्याच शरीराचं, वेग आपल्याच श्वासाचा. याच भवानरावांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे किर्लोस्करांचा एक मोठा कारखाना १९४६ मध्ये आपल्या खडकीत आला. म्हणजे महाराष्ट्रातली एक आद्य कारखानावसाहत आणि सूर्यनमस्काराचा आधुनिक प्रसार, दोन्ही एकाच राजाच्या आश्रयाने वाढले.

तरीही बसून काम करणाऱ्याला मुद्दाम व्यायाम लागतो, हे आकड्यांनी सिद्ध व्हायला आणखी काही दशकं गेली. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. पगार, वस्ती, वर्ग सगळं जवळपास सारखं. हृदयविकार मात्र ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला, आणि कंडक्टरांमध्ये तो झालाच तर उशिरा आणि सौम्य. चाकणच्या कंपनी-बसमध्ये दीड तास बसणाऱ्याला यातला मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

पण त्या काळी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर कित्येक आठवडे अंथरुणात ठेवायचे. ही समजूत मोडणाऱ्यांत एक माणूस न्यूझीलंडचा होता. ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात कामाला होता. रग्बी खेळणारा, स्वतःला तंदुरुस्त समजणारा. विशी संपायच्या आत एका वयाने मोठ्या मित्राबरोबर पाच मैल धावायला गेला आणि पार कोलमडला. आत्ताच ही गत, तर आणखी वीस वर्षांनी काय, या प्रश्नाने त्याला पकडलं. नोकरी सांभाळून त्याने स्वतःवरच प्रयोग केले. त्यातून निघालेल्या पद्धतीने तयार झालेल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली.

त्यानंतर लिडियार्डने मध्यमवयीन माणसं गोळा केली. त्यांतल्या काहींना हृदयविकार होता. त्यांना त्याने हळू, गप्पा मारत धावायला लावलं. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतला नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याच्याकडे गेला. बॉवरमन तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता आणि आयुष्यभर खेळाडू घडवत आलेला. तो या मंडळींबरोबर धावायला निघाला आणि दमून मागे पडला. त्याला सोबत करायला थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकारातून उठलेला गृहस्थ. बॉवरमन घरी परतला आणि आपल्या गावात असाच प्रयोग सुरू केला. एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन १९६७ मध्ये त्याने जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. ते अमेरिकेत प्रचंड खपलं. हाच बॉवरमन नायकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. आज दुर्गा टेकडीवर दिसणाऱ्या बुटांच्या कुळीत ऑकलंडची ती फजिती आहे.

लिडियार्डच्या पद्धतीतला नियम सोपा होता: धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. या मापाला घड्याळ लागत नाही.

आता अणुबॉम्ब. १९५५ ते १९६३ या काळात जगभर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं आणि मग हळूहळू उतरत गेलं. त्या काळात शरीरात जो भाग तयार झाला त्यावर त्या वर्षाची जणू तारीख उमटली. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हाच कार्बन माणसाच्या टाचेवरच्या कंडरेत मोजला. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. निष्कर्ष असा निघाला की या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. म्हणजे पंचेचाळिशीतला माणूस दहावी-बारावीत असताना बनलेल्या दोरावर धावतो.

सगळी मेख इथे आहे. व्यायाम पुन्हा सुरू केला की दम काही आठवड्यांत सुधारतो. ज्याने पूर्वी खेळ केला आहे त्याचे स्नायूही लवकर परत येतात. कंडरा मात्र ताणाला तयार व्हायला महिने घेते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते "पळ", मांडी म्हणते "पळ", आणि टाच अजून सुरुवातीलाच असते. दुखापत होते ती या तफावतीत. म्हणून कधीच न खेळलेल्यापेक्षा जुन्या खेळाडूने जास्त जपायला हवं, कारण त्याचं शरीर त्याला लवकर फसवतं. शनिवारी रात्री टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटमध्ये अचानक एक धाव चोरताना पोटरीच्या खाली कुणीतरी काठी मारल्यासारखं वाटतं आणि मागे वळून पाहावं तर कुणीच नसतं. टाचेची कंडरा तुटल्याची ही नेहमीची खूण, आणि तीस ते पन्नास वयाचे पुरुष त्यात ठळकपणे दिसतात. वस्ताद आकडा स्वतःच्या हातात का ठेवायचा, ते आता कळतं.

आकुर्डीत चेतक स्कूटर बनायची त्या काळातल्या माणसांना हे दुसऱ्या भाषेत माहीत होतं. नवी गाडी पहिले हजारेक किलोमीटर दामटायची नाही. याला रनिंग-इन म्हणायचे. आणि जुन्या गाडीचं इंजिन बोअर करून आणलं तरी पुन्हा रनिंग-इन करावंच लागायचं, मग गाडी आधी पन्नास हजार किलोमीटर पळालेली का असेना. चाळिशीतला परतलेला माणूस म्हणजे बोअर केलेलं इंजिन. जुने किलोमीटर त्याला सूट देत नाहीत.

पण जपायचं म्हणजे बसून राहायचं नव्हे. नव्वदच्या दशकात हाकन आल्फ्रेडसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञाची स्वतःचीच टाच धावण्यामुळे दुखत होती. त्याने साहेबांकडे शस्त्रक्रिया मागितली. साहेबांनी नकार दिला: तू रजेवर गेलास तर इथलं काम कोण करणार? चिडलेल्या आल्फ्रेडसनने ठरवलं की कंडरेवर इतका भार टाकायचा की ती तुटेल आणि शस्त्रक्रिया करावीच लागेल. तो पायरीच्या कडेवर उभा राहून टाच सावकाश खाली सोडत राहिला. कंडरा तुटली नाही, दुखणंच कमी झालं. १९९८ मध्ये त्याने १५ हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ४४ होतं. बारा आठवडे रोज हाच व्यायाम केल्यावर ते सगळे पुन्हा धावू लागले. कंडरेला सावकाश आणि नेमाने दिलेला भार मानवतो. तिला धक्का सोसत नाही.

या सगळ्यातून निघणारा हिशेब लहान आहे. पहिला दीड-दोन महिना फक्त चालणं, बोलता येईल इतक्या वेगाने. मग मध्ये मध्ये एक-एक मिनिट धावणं. वेळ आणि वेग दोन्ही एकदम वाढवायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा पोटऱ्या, मांड्या आणि पाठीच्या ताकदीचा व्यायाम. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना टाच कालपेक्षा जास्त आखडलेली असेल तर आज भार कमी करायचा. नाईट शिफ्ट करून आल्यावर झोप आधी, टेकडी नंतर. आणि साखर, रक्तदाब असेल किंवा छातीत कधी दुखलं असेल तर आधी डॉक्टर.

यात सगळ्यात अवघड आहे ते पुन्हा पहिलीत बसणं. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार १९७९ साली साठ वर्षांचे होते, जगभर त्यांचे शिष्य होते. त्या वर्षी तीन महिन्यांच्या अंतराने त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले. पहिल्यात डावा खांदा आणि पाठीचा कणा दुखावला, दुसऱ्यात उजवा खांदा आणि गुडघा. जी आसनं ते जगाला शिकवत होते ती त्यांनाच जमेनात. त्यांनी नवशिक्यासारखी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं त्यासाठी दिली. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा सराव सुरू होता.

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न हौसेपुरता नाही. इथे अनेकांचं पोट शरीरावर चालतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयमधून आजारपणात ७० टक्के पगार मिळतो, तोही वर्षाला ९१ दिवसच. टाचेची कंडरा तुटली तर लाइनवर उभं राहायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात, आणि ओव्हरटाइम तर गेलाच. म्हणून तुमचे वडील किंवा काका नवे बूट घेऊन आले तर त्यांना मॅरेथॉनचा फॉर्म पाठवू नका. पहिले दोन महिने त्यांच्याबरोबर चाला, आणि चालताना त्यांना बोलतं ठेवा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.