लूनाचे इंजिन आणि काजळी

नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिग-२१ विमाने बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला. विमान उघडून पाहणे सर्वांच्या नशिबी नसते. मात्र १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने आणलेली ५० सी.सी.ची लूना कोणालाही अंगणात उघडता येई.

तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात वर-खाली होणारा दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे उघडतो, मिटतो. पेट्रोलचे मिश्रण दट्ट्याखालच्या बंद पेटीतून जाते, म्हणून तेथे वंगण साठवता येत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते जळून प्लगवर काजळी धरते. गाडी बंद पडली की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा. तरीही चालू झाली नाही तर पायडल मारत घरी!

असे वेड आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडात १९५९ साली बोंबार्डिए यांची स्की-डू ही बर्फावरची छोटी गाडी आली. पुढे अशा गाड्यांनाही टू-स्ट्रोक इंजिने बसली, आणि त्या जुन्या गाड्या हौशी मंडळी आजही सांभाळतात. वेगासाठी नव्हे, बिघाडाचे कारण तेथे हाताला लागते, असे आम्हाला वाटते.

एक दोष मात्र घासून जाणारा नव्हता. निकासद्वार उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातले काही न जळताच बाहेर निसटते. प्रदूषणाचे नियम कडक झाले, तशी लूना मागे पडली. २०२४ साली ती परतली, पण विजेवर. जुने सिलिंडर भंगारात मिळाले तर त्याची द्वारे वर्गात जरूर दाखवावीत.