२१ जुलै : सिरिमावो बंदरनायके पंतप्रधानपदी (१९६०)

सप्टेंबर १९५९मध्ये सिलोनचे पंतप्रधान सॉलोमन बंदरनायके यांची हत्या झाली. दहाच महिन्यांत, आजच्या दिवशी, त्यांच्या पत्नी सिरिमावो त्याच पदावर आल्या. जगातील पहिल्या महिला पंतप्रधान! परराष्ट्र खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. भारत-चीन युद्धानंतर सहा अलिप्त देशांची कोलंबोत बैठक घेऊन तोडग्याचा प्रस्ताव त्यांनी स्वतः पेकिंगला आणि दिल्लीला नेला. धाडसच होते ते. १९६४मध्ये लालबहादूर शास्त्रींशी झालेल्या करारात नागरिकत्व नसलेल्या ५ लाख २५ हजार भारतीय वंशाच्या तमिळांची भारतात पाठवणी ठरली. चहामळ्यांत राबणाऱ्या या माणसांना मात्र कोणी विचारले नाही, ही सल राहतेच. तीनदा पंतप्रधान झालेल्या सिरिमावोंचे १० ऑक्टोबर २००० रोजी मतदान करून परतताना निधन झाले.